तिसऱ्या ओळीचं पहिलं आळं

कारंजा गावाजवळच्या रूपरावचा हट्ट साऱ्या शिवाराला ठाऊक. कुणाला मदत मागायची नाही, कुणी आपणहून आलंच तर बांधावरूनच वाटेला लावायचं! अशा माणसाशी आनंदाबाईनं पंचवीस वर्षं संसार केला, धन्य त्या बाईची! पोरबाळ नव्हतं. तिनंच मागं लागून संत्र्याच्या कलमांच्या चार ओळी लावल्या, लेकरांसारख्या जपल्या. गेल्या शिवरात्रीला ती तापानं गेली. कलमं तेवढी राहिली.

चौपन्न सालच्या पौषात थंडीनं कहर केला. वारा पडलेला, आभाळ निरभ्र. दंव गोठणार हे दिसतच होतं. अशा वेळी दिवस बुडायच्या आत झाडांना विहिरीचं पाणी द्यायचं, ओल्या मातीत ऊब टिकते. पण मोटेचं काम दोघांचं. एकानं बैल हाकायचे, दुसऱ्यानं झाडाबुडच्या आळ्याआळ्यात पाणी वळवायचं.

शेजारचा तानबा बांधावरून ओरडला, "रूपरावजी, पाणी वळवाले येऊ काय?"

"काऊन? आमी दोघं हावो नं!"

सवयीनं बोलून गेला. तानबा बांधावरून उतरून आपल्या वाटेनं निघून गेला. हाक मारून बोलावता आलं असतं की! पण शब्द मागं घेईल तो रूपराव कसला?

मग सुरू झाली धावपळ. बैल थांबवायचे, पळत जाऊन पाणी वळवायचं, पुन्हा विहिरीवर. दोन ओळी होईस्तोवर पायांत गोळे आले. तिसऱ्या ओळीच्या पहिल्या आळ्यात पाणी सोडून तो मोटेच्या दोरावर, नाड्यावर बसला आणि बैल हाकत राहिला. आळं भरलं की आनंदाबाई लांबून हाळी द्यायची, "भरलं जी!" आणि हा बाबा त्या हाळीची वाट पाहत बसला! आळं फुटलं, पाणी बांधापलीकडे वाहून गेलं. भान आलं तेव्हा दिवस बुडाला होता, बैलांच्या तोंडाला फेस आला होता. विहिरीच्या काठावर बसून तो मोठ्यानं रडला. ऐकायला होतं कोण?

सकाळी तिसऱ्या ओळीतल्या त्या पहिल्या झाडापुढच्या सगळ्या कलमांची पानं उकडल्यासारखी काळी पडली होती. पहिल्या दोन ओळी मात्र हिरव्या होत्या. आभाळ आजही तसंच निरभ्र होतं, रात्री पुन्हा दंव गोठणार होतं.

रूपराव तिथूनच तानबाच्या दारात गेला. तानबा चुलीशी शेकत होता.

"तानबा, आज पाणी वळवाले येजो." तो तानबाशेजारी चुलीपुढं टेकला. "मी एकटाच हावो."