हरणीच्या तबेल्यावरची घुमटी

चहा घ्या, आणि हसणार नाही असं आधी कबूल करा. तबेल्यावर घुमटी बसवण्याचा माझा पराक्रम ज्यांना ठाऊक नाही असे अख्ख्या धरणगावात आता तुम्हीच उरलात! दुसऱ्याच्या तोंडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

हरणी म्हणजे आमची घोडी. आबांनी, माझ्या वडिलांनी, तिला शिंगरू असल्यापासून वाढवलं. एके काळी लग्नाच्या मिरवणुकीत काय नाचायची! आता दोघंही रिटायर. सकाळी आबा तिला खरारा करतात आणि दुपारी तिच्याशी गप्पा मारतात. आमच्याशी बोलायला त्यांना वेळ कुठला?

गेल्या उन्हाळ्यात तबेल्यावर सावली धरणारा निंब वादळात आडवा झाला. वर राहिला नुसता पत्रा. आणि आपल्याकडचा वैशाख तुम्हाला मी काय सांगू? दुपारी आत पाऊल टाकलं की भट्टी. हरणीने वैरण सोडली. सोनगीरच्या मामांना हे कळलं. त्यांच्या मळ्यात झाडाखाली चांगला गार गोठा आहे. टेम्पो घेऊन येतो आणि घोडी घेऊन जातो, म्हणाले.

मामांचं काही चुकत नव्हतं हो. पण आबांचं तोंड एवढंसं झालं. या वयात ते रोज सोनगीरला थोडेच जाणार? खरारा दिवसातून दोनदा करू लागले. मला ते बघवेना. हरणीला कुठेही जाऊ द्यायचं नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

म्हटलं, गरम हवा वर जाते ना? मग तिला वरूनच वाट करून देऊ. मोबाइलवर परदेशातले तबेले पाहिले. छपराच्या मधोमध एक छोटी घुमटी, चारी बाजूंनी झडपा, आतली वाफ वरच्या वर बाहेर. झालं! मामांना म्हटलं आठवडाभर थांबा, आणि आबांना घेऊन जळगावला फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो.

त्याने आधी कारखान्यांच्या पत्र्यावर गरगर फिरतो तो गोल पंखा दाखवला. स्वस्त आणि कामाचा. मी नाक मुरडलं. घोडीचं घर आहे, कापसाचं जिनिंग आहे का? मग झडपांची घुमटी ठरली, तीही सगळ्यात मोठी. आता टोकावर काय? फोटोत वारा दाखवणारा कोंबडा होता.

आबा म्हणाले, "हरणीच्या डोक्यावर कोंबडा बसवणार असशील तर मीही तिच्यासंगे सोनगीरला जातो."

कोंबडा कटाप. मी चांगला घसघशीत पितळी कळस निवडला.

आणि इथेच माती खाल्ली! आपल्याकडे कळस मुहूर्ताशिवाय चढतो होय? गुरुजींना विचारलं, त्यांनी सकाळचा मुहूर्त दिला. फिटर आले, घुमटी वर चढली, नारळ हातात घेतला आणि नेमकी लाइट गेली. पत्रा कापायचं ग्राइंडर बंद. मुहूर्त टळायला आला. फिटर डोकं खाजवायला लागले.

मी हुकूम सोडला, "आधी बसवून घ्या. लाइट आली की आतून पत्रा कापू."

नारळ फुटला. शेवभाजीवर सगळ्यांनी आडवा हात मारला. फिटर जेवले, सुस्तावले, निघून गेले. लाइट कधी आली कोणास ठाऊक. मी तेव्हा अंगणात उभा राहून नातेवाइकांच्या ग्रुपवर घुमटीचे फोटो टाकत होतो.

पुढचे दिवस काय थाटात गेले म्हणून सांगू! गाव बघायला लोटलं. मी एकेकाला भर दुपारी तबेल्यात नेऊन उभा करायचो आणि झुळूक लागते का विचारायचो. माझाच चहा पिऊन आलेली माणसं, नाही कशी म्हणतील? एकाला तर अंगावर शहारा आला. मी स्वतः आत खाट टाकून झोपायला लागलो. बायकोने विचारलं, एवढा गारवा आहे तर बनियन का पिळताय? मी म्हटलं, अंगातली उष्णता बाहेर पडतेय.

हरणी तेवढी आत यायला तयार नव्हती. दारात उभी राहून माझ्याकडे बघायची. नवीन वस्तूला बुजलीय, असं मी सगळ्यांना सांगितलं. आबा मात्र न खाल्लेली वैरण उचलायचे.

शेवटी मामा टेम्पो घेऊन दारात हजर. मी त्यांना ओढतच तबेल्यात नेलं आणि घुमटीचं शास्त्र समजावायला लागलो. मामांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बाहेर जाऊन पाहिलं. परत आत आले.

"घुमटी बाहेर शे," मामा शांतपणे म्हणाले, "मंग मझार का बरं दिसत नही?"

मी तिथेच आत उभ्या उभ्या मान वर केली. डोक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड पत्रा. कापायचा राहिलेला! एवढे दिवस खाटेवर उताणा पडून मी त्याच पत्र्याकडे बघत होतो, आणि झुळूक खात होतो.

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी ग्राइंडर आणलं, घोड्यावर, म्हणजे शिडीच्या घोड्यावर, चढलो आणि पत्रा कापला. कोंडलेली धग भसकन वर निघाली. ऊन कलल्यावर हरणी आपल्या पायांनी आत आली आणि गव्हाणीत तोंड घातलं. आबा तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगतो, माझेही.

मामा हे सगळं बघत होते. मी म्हटलं, मामा, टेम्पो रिकामा न्यावा लागणार, माफ करा.

मामांनी टेम्पोचं मागचं फळकं खाली पाडलं आणि माझ्याकडे बोट दाखवत आबांना म्हणाले, "घोडी आठेच ऱ्हाऊ द्या, दाजी. ऊन तिले नही, याले लागेल शे. याले टेम्पोमा बसाडा."