मामा खांबावर मरायचे तेव्हा

आमच्या वीज खात्यात मामांइतकं छान मरायला दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. मामा म्हणजे कुणाचेच सख्खे मामा नव्हेत, पण शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. तीस वर्षं लाइनमन म्हणून खांब चढून त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा खात्याने त्यांना ट्रेनिंगच्या मैदानावर बसवलं. खांबावर शॉक लागून लटकलेल्या माणसाला चार मिनिटांत खाली कसं आणायचं, ते शिकवायचं काम.

त्यासाठी वाळू भरलेला एक पुतळा मिळाला होता. मामांनी तो माझ्या स्टोअरच्या कोपऱ्यात टाकून दिला. "पोत्याला जपून कोण उतरवतं? त्याची बायको वाट बघत असते का?" तरुणपणी त्यांचा कामावरचा जोडीदार असाच वर लटकला होता. मामांनी त्याला उतरवला, पण उशिरा. पोत्यावर शिकलेली गाठ माणसाच्या ढिल्या खांद्यावर बसेचना. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं.

म्हणून मामा स्वतः पट्टे अडकवून सरावाच्या खांबावर चढायचे आणि मान टाकून, हातपाय सैल सोडून लटकायचे. खांबात करंट नसायचा, पण बघणाऱ्याला ते खरंच वाटायचं. फक्त त्यांना तोंड बंद ठेवता येत नसे. नियमाप्रमाणे खालच्याने आधी तीन हाका मारायच्या. दुसऱ्याच हाकेला वरून यायचं, "मेलेला माणूस ओ देतो का रे, गाढवा?" दोर चुकला की, "बोचकं बांधतोयस का?" आणि कितीही शिव्या दिल्या तरी डोळे मिटलेलेच.

त्या दिवशी नव्या तुकडीची परीक्षा होती. मी स्टॉपवॉच घेऊन सावलीत बसलो होतो. एक धिप्पाड गडी दोरात असा गुरफटला की दहा मिनिटं झाली तरी मामा वरच. बिचारा रडवेला होऊन एकटाच खाली आला. खरं तर मामांनीही उतरायला हवं होतं. पण ते वरूनच ओरडले, "पुढचा पाठवा! वरखाली करायला गुडघे काय फुकट आलेत?" मी सावकाश नोंद केली. पेन्सिलला टोकसुद्धा काढलं. त्या टोकाची मला आजही लाज वाटते.

पुढची होती चिमणी. तुकडीतली एकटीच मुलगी, वजनाने मामांच्या निम्मी, म्हणून हे नाव. मामांच्या सगळ्यात जास्त शिव्या तिनेच खाल्लेल्या. तिने तीन हाका मारल्या. वरून काहीच नाही.

"आज मामा नीट मेलेत," मी म्हणालो. सगळे हसले.

ती हसली नाही. "मामा, एक शिवी द्या ना," ती म्हणाली. मग गर्रकन वळली. "हे नाटक नाहीये! गाडी काढा!" आणि सरसर वर चढली. मी मात्र मख्खासारखा घड्याळच बघत होतो. पोरगी मार्कांसाठी जास्तीचा आव आणतेय, असं मला वाटलं.

"ओठ पांढरे पडलेत!"

मी स्टॉपवॉच टाकून खांबाकडे धावलो. वर तिने आडव्या दांडीवर दोराचे तीन वेढे घेतले, मामांच्या छातीला गाठ मारली, गाठ ओढून बघितली, आणि मग पट्टा कापला. वेढे घेतले की वजन दोर पेलतो, हातांनी तो नुसता सोडत राहायचा, हे मामांनी शंभरदा ओरडून सांगितलेलं. इंच इंच करत ते खाली आले. आम्ही त्यांना झेलून आडवं केलं, पट्टे सैल केले. चिमणी उतरली आणि तिने त्यांच्या तोंडाशी कान नेला.

"श्वास चालू आहे."

इतकं गोड वाक्य मी जन्मात ऐकलेलं नाही. थोड्या वेळाने मामांनी एक डोळा किलकिला केला. "गाठ डावीकडे सरकलीय," ते पुटपुटले. "आणि हा स्टोअरवाला कशाला रडतोय?"

मी खरंच रडत होतो. चिमणी खो खो हसली आणि मग तिथेच गुडघ्यांत डोकं घालून बसली.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, पाय सैल सोडून एवढा वेळ लटकलं की पट्ट्यांनी रक्त पायांतच अडकतं. त्यात ऊन आणि रिकामं पोट. आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. आता धोका टळला होता, संध्याकाळी घरी सोडणार होते.

मामी घाईत मामांच्याच चपला घालून आल्या होत्या. सकाळी भांडून न खाता गेल्याबद्दल त्यांनी आधी मामांची चांगली हजेरी घेतली. मामा छातीवर हात ठेवून कण्हायला लागले. मामींनी तिकडे बघितलंही नाही.

"हे नाटक आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी चिमणीचा हात धरला. दोराने तिचे तळवे सोलवटले होते. मामी त्यांवर हळूच फुंकर घालत म्हणाल्या,

"ह्यांचं खरं कुठलं नि खोटं कुठलं, ते मला एकटीलाच कळतं असं वाटायचं गं. म्हणून हे कामावर गेले की घरात माझा जीव टांगणीला. आता तू असशील ना तिथे? मग मी दुपारची जरा झोपत जाईन."