कानातलं माइकवर

चांगुणा कोळपे ही कुरकुंभच्या पुढं माळावर असलेल्या वस्तीतली. वय पन्नाशीचं. लग्नानंतर पंधरा वर्षं ती सासरच्या मेंढरांमागं पार कोकणापर्यंत चालली. मेंढरं विकून घर शेतीला लागलं तेव्हा कुठं तिच्या पायांना विसावा मिळाला. तोंडाला मात्र तो कधीच नव्हता. ग्रामसभेत पुरुष खुर्च्यांवर बसायचे आणि ही मागं उभी राहून विचारायची, "गावात दोन येळा पानी, आन् आमच्या वस्तीच्या नळाला नुसती हवा. ह्यो कुठला कायदा?" सरपंचाच्या माणसांना तिची धास्ती होती.

गेल्या डिसेंबरात बचत गटाची सहल महाबळेश्वरला गेली. संध्याकाळी बाजारातल्या हॉलमध्ये जादूचे प्रयोग होते. चांगुणा सुनेला, पूनमला, घेऊन पुढच्याच रांगेत बसली. रिकाम्या टोपीतून कबुतर निघालं तेव्हा सगळ्यांत मोठी टाळी तिचीच. मग जादूगारानं तिलाच वर बोलावलं. तिच्या डोळ्यांपुढं हात फिरवताना माइक बाजूला धरून तो तिच्या कानाशी लागला.

"मावशी, सांभाळून घ्या. मी सांगेन तसं करा, नाहीतर माझा खेळ पडेल."

तिच्या लेकाच्या वयाचा तो, घामानं तोंडावरचा रंग ओघळलेला. तिला दया आली. तिनं मान हलवली.

"तुमच्या घरी काय होतं मावशी?" त्यानं मोठ्यानं विचारलं.

"मेंढरं व्हती."

"मग आता तुम्हीच मेंढी!" त्यानं चुटकी वाजवली.

चांगुणा हातापायांवर बसली आणि ओरडली. मेंढरांत आयुष्य गेलेली बाई. आवाज हुबेहूब निघाला. हॉल हसून लोळला. "बघा माझ्या संमोहनाची ताकद!" जादूगार म्हणाला. पूनमनं हौसेनं व्हिडिओ काढला आणि गटाच्या ग्रुपवर टाकला.

तिथून तो गावभर झाला. जानेवारीच्या ग्रामसभेत चांगुणा पाण्याचं विचारायला उठली, तसा सरपंचाचा पुतण्या संपत मागून ओरडला, "बेंऽऽ!" सभेत एकच हशा उसळला. ग्रामसेवक भाऊसाहेबही वहीत तोंड घालून हसत होते. चांगुणा पाण्याचं न विचारताच खाली बसली.

घरी आली तेव्हा तिच्या अंगाची लाही लाही होत होती. "त्या जादूगारानं मंतर घातला न्हवता गं पूनम. म्या त्याची लाज राखली, आन् मेल्यानं माझी चव्हाट्यावर काढली!"

"आत्या, जाऊ द्या आता."

"का जाऊ द्यू? ऊठ. एस्टीचं बघ."

दोघी पुन्हा महाबळेश्वरला गेल्या, त्याच हॉलात, तिकीट काढून. या वेळी जादूगारानं एका टोपीवाल्या म्हाताऱ्याला वर घेतलं. तो त्याच्या कानाशी वाकला आणि चांगुणा उभी राहिली.

"थांब! त्येंच्या कानात काय सांगितलंस, ते माइकवर सांग!"

त्यानं तिला ओळखलं. "मावशी, अजून उतरली नाही का जादू?" हॉल हसला.

चांगुणा पायऱ्या चढून वर गेली आणि तिनं त्याच्या हातातला माइक ओढून घेतला. "ह्यो कानात म्हनतो, मला सांभाळून घ्या. आपन घेतो. मंग आपल्यालाच जनावर करतो आन् म्हनतो, माझी ताकद! आबा, खरं सांगा, हेच म्हनला का न्हाई?"

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली. मग हळूच म्हणाला, "व्हय."

"खाली उतरा हो, आम्ही तिकीट काढलंय!" मागून कुणी तरी खेकसलं. हॉलवरच्या दोन माणसांनी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. खेळ संपल्यावर जादूगार धावत आला. "मावशी, पोटाचा प्रश्न आहे. पाया पडतो."

तिनं पाय मागं घेतले. "टोपीतलं कबुतर दाव, म्या टाळ्या वाजवीन. मानसाला मेंढरू करू नगंस."

पूनमनं हेही सगळं फोनवर घेतलं होतं. तिनं ते त्याच ग्रुपवर टाकलं.

मे महिन्याच्या ग्रामसभेत चांगुणा उठली. संपत तरीही ओरडलाच, पण हसले दोघं-तिघंच.

"ओरड संपत," ती म्हणाली. "घसा बसंस्तवर ओरड. म्या थांबते."

आणि ती खरंच थांबली. सगळी सभा मान वळवून संपतकडं बघू लागली. तो मोबाईल काढून त्यात बघत बसला.

"झालं? भाऊसाहेब, लिवा आता. वस्तीला रोज पानी."

भाऊसाहेबांनी लिहून ते मोठ्यानं वाचून दाखवेपर्यंत ती खाली बसली नाही. चौथ्या दिवशी वस्तीच्या नळाला पाणी आलं. करंगळीएवढी धार, पण अर्धा तास.

संपत हल्ली वाटेत भेटला की "मामी, बरं हाय का?" म्हणतो. चांगुणा त्याला उत्तर देत नाही.