डाव्या हाताचं हाड आणि इतिहासाचा रकाना

रोह्याच्या एका खासगी रुग्णालयात मी फायलींना कोड देते. डॉक्टरांनी जे लिहिलं असेल त्याला आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक द्यायचा, आणि त्या क्रमांकावर सरकारी योजनेची मंजुरी येते. कागदावर नाही ते झालंच नाही, असं आम्ही धरतो.

पेणच्या खाडीकडच्या एका मिठागर कामगाराची अकरा महिन्यांची मुलगी. डावा हात कोपरापासून आखूड, पंजा अंगठ्याच्या बाजूला वळलेला. इतिहासाच्या रकान्यात लिहिलं होतं : पाळण्यातून पडली. मी दुखापतीचा कोड दिला. फायलीच्या मागे एक्स-रेचा अहवाल टाचलेला होता, तो उघडला नाही. चूक माझी.

फाईल परत आली. मनगट सरळ करण्याची शस्त्रक्रिया दुखापतीच्या कोडात बसत नाही, असा शेरा होता. ही शस्त्रक्रिया करणारे सर्जन महिन्यातून एकदाच येत, आणि पुढच्या फेरीला दहा दिवस उरले होते. पंजा जितका वाकडा राहील तितका तो सरळ करणं अवघड जाईल, असं त्यांनी आईला बजावलं होतं.

मग मी अहवाल वाचला. अंगठ्याकडचं हाड, रेडियस, पूर्णपणे नाही. पडून हाड मोडतं, नाहीसं होत नाही. पण अहवाल पाहून मी निदान ठरवू शकत नाही. ते डॉक्टरांनी लिहावं लागतं, आणि इतिहास घरच्यांनी सांगावा लागतो. मी मुलीच्या घरी फोन केला. दुपारी आई आणि आजी आल्या.

"पडली गो ती," आजी म्हणाली. "किती वेला सांगू?"

"आजी, हाड जन्मापासूनच नाहीये."

"मंग तुला ठाव हाय तर इचारतेस कशाला?"

आई खाली बघत होती. आजीनं तिला मुलीला घेऊन बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि आवाज उतरवला. पोटुशी असताना ग्रहणाच्या वेळी सून विळीवर बसली होती. शेजारणीनं पाहिलं होतं. "गावानं सुनंला जगू दिलं नसतं. पडली म्हनून मीच सांगितलं. पाळन्याला दोष लागला तरी चालंल." मग विचारलं, "कागदावर आता त्ये गिरान लिवशील?"

मी पडद्यावर जन्मजात व्यंगाचा कोड दाखवला : क्यू ७१.४. यात हाड कोणतं एवढंच येतं, बाजू डॉक्टर वेगळी लिहितात. कारणाचा रकानाच नाही.

"आईचं नाव?" आजीनं विचारलं.

"नाही."

"सासूचं?"

"तेही नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "डाक्टरला बोलव."

डॉक्टरांनी जुनी नोंद खोडली नाही. खाली तारखेसह नवी लिहिली : जन्मजात, आजीने सांगितले, एक्स-रेशी जुळते. मी कोड बदलला. मंजुरी आठव्या दिवशी आली आणि शस्त्रक्रिया त्याच फेरीत झाली.

प्लास्टर काढायला त्या आल्या तेव्हा बाकावरच्या एका बाईनं मुलीचा हात पाहून विचारलं, "पडली काय गो?"

आजीनं पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढलं.

"नाय. जन्माचं हाय," ती म्हणाली. "हे बघ, लिवलंय."