कॉम्प्युटरचा मानलेला बाप

बासिलिया चोकेबद्दल सांगायचं, तर आधी एक कबुली द्यायला हवी. तिच्याशी हसून बोलणारा कुठलाही पुरुष माझ्या डोळ्यांत खुपतो. मग तो पाववाला असो, चर्चमधला पाद्री असो, नाहीतर प्रबंध टाइप करून घ्यायला आलेला विशीतला विद्यार्थी असो. माझं वय सत्तावन्न, कंबर धरते, वरचे तीन दात पडलेत. बायको जाऊन पंधरा वर्षं झाली. तरी पोटात दुखायचं ते दुखतंच. तेव्हा पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

इथे बोलिव्हियातल्या एल आल्तोत, शिक्षकांच्या कॉलेजासमोर तिची पत्र्याची टपरी आहे. आत एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. नवरा ट्रकवर होता, तो घाटात अपघातात गेला तेव्हा तिने टाइपरायटर विकत घेऊन हा धंदा सुरू केला. कॉम्प्युटर मागाहून आला. सकाळी आली की डोक्यावरची टोपी काढून पडद्याच्या कोपऱ्याला अडकवते, बोटं कापलेले लोकरी हातमोजे चढवते आणि कामाला लागते. अर्ज सांगताना माणूस रडतो, शिव्या देतो, तीन पिढ्यांचं गाऱ्हाणं गातो. ती सगळं ऐकून घेते आणि कागदावर कामाचं तेवढंच उतरवते. तिने लिहिलेला अर्ज साहेबाला परत पाठवता येत नाही, असं लोक म्हणतात आणि ते खरं आहे.

विद्यार्थ्यांची तर ती खोडच मोडते.

"हे पान चोरलंयस तू," एकदा एकाला म्हणाली.

"नाही हो, बासिलियाबाई! शपथ!"

"शपथा घेऊ नकोस. ज्याचं चोरलंस त्यानेही चोरलंच होतं. त्याचंही मीच टाइप केलं होतं. त्यात एक चूक होती, ती तू जशीच्या तशी उचललीस. निदान ती तरी सुधारायचीस!"

पोरगं लाल झालं. मी खाली बसून कॉम्प्युटरचा पत्रा उघडत होतो. मला हसू आलं आणि लगेच रागही आला, कारण ते पोरगंही हसलं आणि तिच्याकडे बघून हसलं.

मी दुरुस्तीवाला. आमच्याकडे हातात पाना असलेल्या कुणालाही मास्तर म्हणतात, तसं मलाही म्हणतात. तिचा तो कॉम्प्युटर मी चौदा वर्षं जगवला. त्यात बाहेरचा पत्रा सोडला तर मूळचं काही उरलं नव्हतं. गुरुवारच्या बाजारात जमिनीवर फडकी पसरून जुने सुटे भाग विकायला बसतात, तिथून मी एकेक वस्तू पारखून आणायचो. मेमरी बंद पडलेल्या शाळेतली, पंखा कुठल्यातरी इंटरनेटवाल्याकडचा. थंडीच्या दिवसांत पेटी सुरू व्हायला कुरकुर करायची. मग बासिलिया केस वाळवायच्या यंत्राने तिला ऊब द्यायची आणि मला बोलावणं धाडायची. काम झालं की शेजारच्या तोमासाकडून जांभळ्या मक्याचं आपी हे गरम पेय आणि तळलेला पास्तेल यायचा. आम्ही समोरासमोर बसून खायचो. तेवढ्यासाठी मी पाप केलं. पंख्याला चार स्क्रू असतात. मी चौदा वर्षांत तीनच लावले. चौथा माझ्या खिशात. तीन स्क्रूंवरचा पंखा महिन्या-दीड महिन्यात खडखडायला लागतोच.

मग यंदा मार्चमध्ये पेटीने दगा दिला. एका विद्यार्थिनीचा प्रबंध, चाळीस पानं, पुसून गेला. मुलगी स्टुलावर बसून ढसाढसा रडली. बासिलियाने तिच्या हातातली खाडाखोड केलेली वही घेतली, टपरीचं दार लावलं, बहिणीच्या घरचा कॉम्प्युटर मागून आणला आणि दोन दिवसांत सगळं पुन्हा टाइप करून दिलं. पैसे घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मास्तर, पुरे झालं. आता नवा."

मी खूश झालो. नवा म्हणजे मीच जोडणार, हे मी गृहीत धरलं. तयार कॉम्प्युटर म्हणजे डबाबंद मासळी. आत काय आहे कुणाला ठाऊक? जोडून घेतला की प्रत्येक भाग आपल्या डोळ्यांदेखत बसतो आणि बिघडला की एक भाग बदलला की झालं. हे मी तिला आठवडाभर ऐकवलं. शिवाय मी एक यादीही केली.

यादीचं असं आहे. आमच्याकडे कुठलीही नवी वस्तू बापाशिवाय येत नाही. मुलाच्या बाप्तिस्म्याला पाद्रीनो लागतो, तसा लग्नातल्या केकला लागतो, फुटबॉलच्या जर्सींना लागतो, नव्या टॅक्सीलाही लागतो. पाद्रीनो म्हणजे मानलेला बाप. तो वस्तू आणून देतो, तिच्यावर बियर शिंपडतो आणि त्या दिवसापासून तो मालकिणीचा कोम्पाद्रे, ती त्याची कोमाद्रे. नातं रक्ताहून घट्ट. आमच्या गावाच्या रस्त्यावर दोन धोंडे एकमेकांना टेकून उभे आहेत. ते असेच कोणी कोम्पाद्रे-कोमाद्रे होते, एकमेकांवर भाळले, त्याचा शाप लागला आणि सकाळी लोकांना तिथे धोंडेच दिसले, असं माझी आजी सांगायची. ती गोष्ट मी बासिलियाला पास्तेल खाताना कितीदा तरी सांगितली असेल.

तर यादी: पेटीच्या पत्र्याला तोमासा, मेमरीला कॉलेजचा शिपाई, पडद्याला पाववाला. आणि मदरबोर्डला मी.

"मदरबोर्डला तुम्हीच का?" बासिलियाने विचारलं.

"मग कोण? सगळं त्याच्यावर तर उभं असतं. तिथे परका माणूस मी बसू देणार नाही."

"दुसऱ्या कुणी आणला आणि तुम्ही नुसता बसवला तर?"

"अजिबात नाही! पाद्रीनो मी. मला नाही केलंत तर मी त्या पेटीला हात लावणार नाही, सांगून ठेवतो."

तिने यादीची घडी घातली. मग म्हणाली, "विचार करते."

"त्यात विचार कसला करायचा?"

"मास्तर, टाइप करताना मी विचार करत नाही. म्हणून बाकीच्या वेळी करते."

आता हेनारो पोमाबद्दल. मोठ्या रस्त्यावर त्याचं काचेचं दुकान आहे, आत सीलबंद कॉम्प्युटर रांगेने मांडलेले. विधुर, पुढचा एक दात सोन्याचा, कार्निव्हलच्या नाचात पथकाच्या पुढे. दुसरं लग्न करायचंय हे त्याने कधी लपवलं नाही आणि कुणाशी करायचंय हे त्याच्या सालतेन्यांवरून, म्हणजे मांसाच्या करंज्यांवरून, गल्लीला कळत होतं. दर शनिवारी रसभरल्या गरम सालतेन्यांचा पुडा घेऊन तो टपरीवर यायचा. सालतेन्या खाताना माणसाच्या कोपरापर्यंत रस ओघळतो. माझ्या तर ओघळतोच. पोमाचा एक थेंब सांडत नसे. या गोष्टीसाठीसुद्धा मी त्याचा द्वेष करायचो.

एका सकाळी तोमासाने मला आपी देता देता सांगितलं, "ऐकलंत का मास्तर? कॉम्प्युटर तयार घेतायत. अख्ख्या कॉम्प्युटरचा एकच पाद्रीनो."

"कोण?"

"सोन्याचा दात! परवा त्याने विचारलं, काय मदत करू? ही म्हणाली, पाद्रीनो व्हा. गडी जागच्या जागी नाचला." आणि ती हसायला लागली. हसून हसून तिच्या डोळ्यांना पाणी आलं, पळी हातातून पडली.

ती मलाच हसतेय असं मला वाटलं. अंगाचा तिळपापड झाला. आपी तसंच टाकून मी तरातरा टपरीत गेलो.

"तयार घेताय म्हणे."

"हो."

"सीलबंद."

"मागे स्टिकर आहे. तो फाडून उघडला तर गॅरंटी जाते."

"म्हणजे माझा हात लागायला नको. चौदा वर्षं मी बाजारात धूळ खात हिंडलो, आणि बाप कोण? तर तो काचेतला बाहुला!"

"मास्तर, हळू बोला. गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाइकालाही कळू दे!"

स्टुलावरच्या म्हातारीने कान टवकारले. बासिलियाने तिचा अर्ज पुढे टाइप करायला घेतला. बोटं न थांबवता म्हणाली, "शुक्रवारी शिंपण आहे. या. बियर आहे."

"बियर माझ्या घरीही आहे," मी म्हणालो. हे खोटं होतं.

शुक्रवारी मी गेलो. न जाण्याइतका मानी मी नाही. टपरीला कागदी फिती लावल्या होत्या, टेबलावर फुलांच्या पाकळ्या, आणि मधोमध तो काळा, चकचकीत, सगळे चारही स्क्रू लावलेला कॉम्प्युटर. जुनी पेटी कोपऱ्यात पोत्याखाली ठेवली होती. मी पोतं जरा सारखं केलं. पोमा सूट घालून आला होता. त्याने आधी जमिनीवर ओतून भुईमायला घोट दिला, मग पेटीच्या चारही कोपऱ्यांवर बियर शिंपडायला हात उचलला. मनात मी म्हणालो, ओत रे बाबा, चांगली बाटलीभर ओत. पण बासिलियाने पेटीवर तळहात धरला आणि बियर तिच्या हातमोज्यावर पडली.

"पुरे. याला तहान नाही लागत."

सगळे हसले. मग तिने पेला उचलला आणि रस्त्यापलीकडच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सगळ्यांच्या साक्षीने सांगते. आजपासून हे सेन्योर पोमा नाहीत. माझे कोम्पाद्रे आहेत. कोम्पाद्रे हेनारो!"

टाळ्या पडल्या. तिने त्याला धाकट्या बहिणीसारखी मिठी मारली. सोन्याचा दात चमकला, आणि मग एकाएकी ओठांआड गेला. बियर फार गार असेल, असं मला वाटलं. तोमासा पुन्हा शालीआड तोंड लपवून हसत होती. माझ्या कानात मात्र 'माझे' हा एकच शब्द घुमत होता. मी पेला तसाच टेबलावर ठेवला, भुईला दोन थेंबही न देता निघून आलो. आमच्याकडे ही शिवी दिल्यासारखीच गोष्ट.

शनिवार, रविवार मी दुकान उघडलं नाही. सोमवारी उघडलं आणि सगळ्यांचा राग एका रेडिओवर काढत बसलो. अकराच्या सुमाराला दारात सावली पडली. बासिलिया होती. चौदा वर्षांत ती माझ्या दुकानात कधी आली नव्हती, मीच जायचो. पाठीवर रंगीत चादरीत तान्हं मूल बांधावं तशी तिने काहीतरी बांधलं होतं. गाठ सोडून तिने ते माझ्या टेबलावर ठेवलं. जुनी पेटी.

"ही दुरुस्त करा."

"कशाला? नवा आहे की. बापासकट."

"घरी लागेल. करणार की रुसणार?"

"तुमच्या कोम्पाद्रेला सांगा. त्याच्याकडे माणसं आहेत."

ती स्टुलावर बसली. टोपी काढून मांडीवर ठेवली. "जोडूनच घ्यायचा होता मला. तुमचं म्हणणं पटलं होतं. तयार घ्यावा लागला तो तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे?"

"तुम्ही मदरबोर्डवर हटून बसलात. पाद्रीनो नाही केलं तर हात लावणार नाही म्हणालात. जोडायचा तर तुमच्याशिवाय कोण जोडणार? आणि एकदा बियर शिंपडलीत की झालं. मग जन्मभर तुम्हाला काय म्हणायचं मी? कोम्पाद्रे?"

"मग त्यात वाईट काय होतं? त्याला म्हणालातच की, गल्लीला ऐकू जाईल असं!"

"त्याला म्हणायचंच होतं. दर शनिवारी सालतेन्या घेऊन येणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणून थांबवणार? कोम्पाद्रेशी कुणी लग्न करतं का? तोमासाला पहिल्या दिवशी कळलं. त्यालाही शुक्रवारी कळलं. तुम्हाला अजून कळत नाही." तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमच्या आजीचे ते दोन धोंडे. मला धोंडा व्हायचं नाहीये, सेवेरो."

मास्तर नाही म्हणाली, माझं नाव घेतलं. माझ्या हातातला रेडिओ खाली ठेवायला मला जागा सापडेना. इतके दिवस मी ज्याच्यावर जळत होतो, त्याच्या तोंडावर तिने दार लावलं होतं, आणि माझं दार उघडं राहावं म्हणून ती गल्लीदेखत माझी बोलणी खात होती. काही बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "पंखा खडखडतो का?"

"खडखडणारच. चौदा वर्षं तीन स्क्रूंवर आहे." तिने हात पुढे केला. "चौथा काढा आता. यायला निमित्त लागत नाही तुम्हाला."

मी पेटीचा पत्रा उघडला आणि खिशातून स्क्रू काढला. इतकी वर्षं किल्ल्यांबरोबर घासून तो गुळगुळीत झाला होता आणि पंखा डगडगत असल्याने तो भोकात बसेना. मग तिने हातमोजे काढले, पंखा दोन्ही हातांनी धरला आणि मी स्क्रू फिरवून घट्ट बसवला.