नाव विचारायला तीन सेकंद

सुरेशजींचा डिस्चार्ज पेपर तयार होता, आणि त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

डेंग्यूत प्लेटलेट्स घसरतात. प्लेटलेट्स म्हणजे रक्त गोठवणारे कण. ते फारच कमी झाले की असं रक्त येतं. पण सुरेशजींचा सकाळचा रिपोर्ट चांगला होता. वाईट होता तो शेजारच्या शर्माजींचा, आणि ते आरामात पेपर वाचत बसले होते.

"यांनी पलंग कधी बदलला?" पेपरवरचा बेड नंबर शेजारच्या पलंगाचा बघून मी सुरेशजींच्या बायकोला विचारलं. महूच्या मराठी बाई त्या.

"सकाळीच, दीदी, तुम्ही रक्त न्यायच्या आधी. शर्माजींना पंखा सोसेना, आणि ह्यांना गर्मी होत होती."

नियम असा: पेशंटला नाव विचारायचं, रक्त काढायचं, लेबल तिथेच लावायचं. त्या आठवड्यात कॉरिडॉरमध्येही खाटा होत्या आणि दोन वॉर्डांना मी एकटी. म्हणून वेळ वाचवायला लिस्ट बघून सगळ्या ट्यूबना आधीच लेबलं चिकटवली आणि बेड नंबर बघत रक्त काढत गेले. नाव कोणालाच विचारलं नाही.

आमच्या नर्सेसच्या संघटनेची पत्रकं मीच लिहिते. प्रशासनाच्या चुका मला तोंडपाठ. ही माझी होती. गप्प राहिले असते तर सुरेशजी महूच्या बसमध्ये बसले असते.

इन्चार्ज काळे सिस्टरांना सांगितलं. "सिस्टर, सॅम्पलची माझ्याकडून अदलाबदल झाली. नोकरी गेली माझी."

"आधी दोघांचं परत काढ. नोकरीचं नंतर बघू."

रिपोर्ट उलटे आले. सुरेशजींना ताबडतोब प्लेटलेट्स चढवल्या. मोठे डॉक्टर वॉर्डात आले ते तापूनच.

"किसने किया ये?"

"सर, वॉर्ड मेरा है," काळे सिस्टर म्हणाल्या. "एक लडकी को दो वॉर्ड देनेवाले रोस्टर पे साइन भी मेरी है. गलती उसीने पकडी और उसीने बताई. लिखना है तो ये भी लिखिए."

माझ्या नावाने मेमो निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी ड्युटी बदलताना सिस्टरांनी सगळ्यांसमोर आधी स्वतःची एक जुनी चूक सांगितली. मग माझं नाव न घेता विचारलं, "आधीच लेबलं कोण कोण लावतं?" माझा हात वर गेला. पाठोपाठ आणखी तिघींचे. मला रागावणारं कोणी नव्हतं. त्या दिवशी मला ते औषधासारखं लागू पडलं.

जाताना त्या म्हणाल्या, "एका नर्सवर दोन वॉर्ड, हे पत्रकात लिहिशीलच. लिहीच. पण नाव विचारायला तीन सेकंद लागतात, हेही लिही."

दोन्ही लिहिलं. सुरेशजी पाचव्या दिवशी चालत घरी गेले. पत्रकातला पहिला मुद्दा प्रशासनाच्या विचाराधीन आहे. दुसरा आमच्या वॉर्डात त्याच दिवसापासून लागू आहे.