सरळ विणणारी तोफ

अख्खी गल्ली तिला तोफ म्हणायची, आणि तिलाही त्याचं काही वाटायचं नाही. परकरात होती तेव्हापासून ती मागावर बसत आली होती. हाताला वळण होतं, जिभेला नव्हतं. लग्नात व्याह्यांना, बारशाला बाळाच्या आत्याला, दवाखान्यात डॉक्टरला, जे दिसेल ते ती तोंडावर सांगून मोकळी व्हायची.

तिची सून मात्र हुशार. टूरवाल्याशी बोलून तिने घरी पाहुणे आणायचं ठरवलं. परदेशी मंडळी येणार, घरचं जेवण जेवणार, माग बघणार, जुना पोशाख अंगावर चढवून फोटो काढणार. त्यासाठी घरात एक पारंपरिक म्हातारी हवी होती. ती तर आयतीच होती.

पहिल्या दिवशी तोफेला कपाटातला घेरदार झगा घातला, डोक्याला रुमाल बांधला. पाहुणीने विचारलं, "तुम्ही रोज हाच पोशाख घालता?"

"हा घालून माणूस संडासला तरी बसेल का? गाऊन घालते मी."

"हा पोशाख आम्हाला फार जपावा लागतो, म्हणतात त्या," टूरवाल्याने पाहुण्यांच्या भाषेत सांगितलं.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण एका पाहुण्याला इथली भाषा थोडी येत होती. त्याने जेवणाच्या मडक्याकडे बोट दाखवलं. "चुलीवर केलं?"

"कसली चूल! सकाळी कुकरमध्ये शिजवलं नि तुम्ही आलात तसं ह्यात ओतलं."

टूरवाल्याचा चेहरा पडला. जाताना तो सुनेला एवढंच म्हणाला, "वहिनी, म्हातारी बदला."

मग समोरच्या सिस्टरला बोलावलं. ही निवृत्त नर्स. केस पांढरेशुभ्र, आवाज मधाळ, जन्मभर रोग्यांना "काही दुखणार नाही हं" म्हणत आलेली. खोटं इतक्या मायेने बोलणारं माणूस गल्लीत दुसरं नव्हतं. झगा तिला असा शोभला की जणू त्यातच जन्मली. अडचण एकच होती, मागावर आडवा धागा नेणारा धोटा म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं.

"शिकवा ना तिला, आई," सून म्हणाली.

"माझ्या मागावर ती? आणि मी काय करू?"

"तुम्ही आत बसा. पाहुण्यांसमोर तेवढं बोलू नका."

तोफ दोन दिवस जेवली नाही, म्हणजे सर्वांसमोर जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सिस्टरला मागावर बसवून धोटा कसा फेकायचा ते दाखवू लागली. नवख्या हातात माग सुटा सोडायची तिची छाती नव्हती.

सिस्टरचं कापड कसं निघालं म्हणता? काठ सापासारखे, मधेच सैल, मधेच गच्च. ते सुनेने तोफेच्या कापडाशेजारी मांडलं. एका पाहुणीने दोन्ही कापडं हातात घेतली. तोफेचं कापड बाजूला सारून म्हणाली, हे मशीनचं दिसतंय. हे वाकडं खरं हातचं. आणि तेच घेऊन गेली.

टूरवाल्याने अर्थ सांगताच तोफ आतून गाऊनवरच बाहेर आली.

"मशीनचं? माझं?"

"ही आमची शेजारीण," सिस्टर पाहुण्यांकडे बघून गोड हसली. "हिला जरा बरं नसतं."

आपल्याच घरात शेजारीण झालेली तोफ उभी राहिली ती उभीच राहिली. मग बाजूला सारलेलं आपलं कापड उचलून ती आत गेली.

पाहुणे गेल्यावर सून जवळ येऊन बसली. "आई, तुम्हीच का नाही थोडं चुकवून विणत? घरातलं काम घरात राहील."

तोफेला ते पटलं. ती मागावर बसली, मुद्दाम एक धागा सैल सोडला. पुढची ओळ घालायच्या आत बोटांनी तो आपसूक ओढून घेतला. पुन्हा सोडला, पुन्हा ओढला. शेवटी डोळे मिटून विणलं. उघडून बघते तर काठ ओळंबा लावल्यासारखा सरळ.

"हात ऐकत नाहीत गं," ती सुनेला म्हणाली, आणि तिचा आवाज कधी नव्हे इतका लहान झाला होता.

पुन्हा सिस्टरच मागावर बसली. पण शेजारी बसून वाकडं विणणं बघत राहील तर ती तोफ कसली? "ओढ तो. अगं, किती सैल! रोग्याला पट्टी अशीच बांधायचीस का?" असं महिनाभर चाललं. आणि झालं काय, तर सिस्टरचा हात बसला. कापड सरळ निघायला लागलं. पाहुणे बघायचे, हात फिरवायचे आणि ठेवून द्यायचे.

सुनेने कपाळावर हात मारला. हल्ली झगा ती स्वतः घालते, स्वतःच विणते, आणि मागाजवळ फिरकायची सासूला सक्त मनाई आहे. तिचं कापड धडधडीत वाकडं असतं आणि लगोलग जातं.

पाहुणे गेले की दुपारी माग रिकामा असतो. तेव्हा सिस्टर येते. आपल्या घरच्या खिडक्यांना पडदे विणायला घेतलेत तिने. तोफ शेजारी पाय पसरून बसते आणि तिच्या प्रत्येक ओळीला नावं ठेवते. काल मात्र तिने नवा काठ बोटाने चाचपून बघितला, बराच वेळ बघितला.

"चालेल," ती म्हणाली.

सिस्टरने लाजून पदराने चष्मा पुसला.